डाव्या बाजूचा बोल्ट

२ फेब्रुवारी

ही वही दुकानातली. काचांचे नंबर टिपायला आणली होती, पहिली चार पानं तशीच भरलेली आहेत. मी चष्म्याच्या काचा घासतो. आकड्यांपलीकडे काही लिहायची सवय नाही. पण आज मन मोकळं करावंसं वाटतंय आणि घरात ज्यांच्याकडे करायचं, नेमकं त्यांच्यापासूनच ते लपवायचंय.

सकाळी वहिनीने चहाचा कप ठेवला आणि ती गेली नाही. पदराला हात पुसत उभी राहिली. दादा गेल्यापासून आमचं बोलणं भाजी, वीजबिल आणि वाटाणीचा अभ्यास एवढ्यावरच असतं. वाटाणी म्हणजे पुतणी, जन्मली तेव्हा तेवढीच होती म्हणून. मला वाटलं, तिच्या शाळेचं काही असेल.

"भावजी, गाडी चालू करून द्याल?"

दादा दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचा. आसपासच्या पन्नास-साठ गावांतले दुकानदार त्याची वाट बघायचे. तो गेल्यावर वहिनीने त्याच्या पेटीतली हत्यारं काढली आणि ओट्यावर बसून एकेक काटा उघडून शिकली. आता लोक काटे घरी आणून देतात, पण मोठे काटे कोण उचलून आणणार? तिला स्वतः जायचंय. गाडी चालवायला शिकणार म्हणाली.

मी हो म्हणालो. तोंडातून निघून गेलं. नंतर दुकानात एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा उलटसुलट बसवल्या.

४ फेब्रुवारी

शेड उघडली. दोन वर्षांनी. कुलपाला आधी तेल पाजावं लागलं.

क्रेनने आणून सोडली तशीच गाडी उभी आहे. त्या वेळी पत्र्याचं काम करणाऱ्याने डाव्या बाजूचा दरवाजा बदलला, पुढची काच बसवली, तेही घरातल्यांना बघवत नव्हतं म्हणून. खाली कुणी हात लावला नाही. दरवाजाचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा थोडा उजळ आहे. माझं काम काचांचं, असला फरक मला चटकन दिसतो.

आणखी एक दिसलं. गाडी डावीकडे बसली आहे. बोटांनी मोजलं, दोन बोटं. जसं कुणी त्या बाजूला आत बसलंय.

एकदा नीट लिहून टाकतो. दुपारचे अडीच वाजले होते. डोंगरातला उतार, उजवीकडे दरी, डावीकडे कातळ. दादाचं उजवं मनगट काटा उचलताना मुरगळलं होतं, पट्टी बांधलेली, म्हणून मी चालवत होतो आणि तो शेजारी. स्टिअरिंगला हिसका बसला. चाक माझ्या हातातून डावीकडे फिरलं आणि गाडी दादाच्या बाजूने कातळावर आदळली. माझ्या दोन बरगड्या गेल्या. तो जागच्या जागी गेला.

मी सगळ्यांना सांगितलं, खालचं काहीतरी तुटलं. पोलिसांनी तेच लिहिलं. आईने तेच धरलं.

हिसका बसला हे खरं आहे. शपथेवर सांगतो. पण त्याच्या आधीचा रस्ता मला आठवत नाही. एक वळण नाही, दोन नाहीत. चहाच्या टपरीवरून निघालो ते आठवतं, मग थोडं काही, आणि मग हिसका. मधलं कुठे गेलं?

चाकाला गाडीच्या चौकटीशी धरून ठेवणारा एक लोखंडी आर्म असतो. त्याच्या मुळाशी बुश, म्हणजे रबराची जाड कडी आणि तिच्या पोटात लोखंडी नळी. त्या नळीतून बोल्ट आरपार जातो. बाहेरून फक्त त्याची दोन टोकं दिसतात, इकडे डोकं, तिकडे नट. मधे तो अखंड आहे की दोन तुकडे, ते बाहेर काढल्याशिवाय कळत नाही.

तुटलेला निघाला तर मी सुटलो.

७ फेब्रुवारी

मिस्त्रींना बोलावलं. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता हात थरथरतो म्हणून घरी असतात. त्यांचा चष्मा मीच करतो. जवळचा नंबर साडेतीन, काढला तर स्वतःच्या हातावरच्या रेषा दिसणार नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी टॉर्च मारला आणि बराच वेळ जीभ टाळूला लावून च्च च्च करत राहिले. म्हणाले, चारही बुश मेलेत, डावीकडची स्प्रिंग दमलीये म्हणून गाडी कलली आहे. बोल्ट नळीला गंजून एकजीव झालाय, तो निघायचा नाही, ग्राइंडरने काप आणि नवीन टाक, अर्ध्या दिवसाचं काम.

मी म्हटलं, कापणार नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, बरं, बायको सोडून जाईपर्यंत तेल मार. मला बायको नाही हे त्यांना माहीत आहे. ते असेच बोलतात.

८ ते १० फेब्रुवारी

सकाळ-संध्याकाळ तारेच्या ब्रशने घासणं आणि गंज सोडवणारं तेल मारणं. तोंडात, कानात, भुवयांत गंजाची पूड. आई म्हणाली, खाणीतून आल्यासारखा दिसतोस. हसली नाही, पण म्हणाली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी म्हणाली.

११ फेब्रुवारी

नट सुटला. एकोणीस नंबरचा पाना, वर पाय देऊन. मोठा आवाज झाला आणि मला वाटलं, बोल्टच गेला. नव्हता गेला.

मग डोकं फिरवून पाहिलं. फिरतं. पाव वळसा फिरतं आणि पाना सोडला की परत मूळ जागी येतं. मिस्त्री म्हणाले, बोल्ट फिरत नाही, रबर पीळ खातंय. नळी आणि बोल्ट एक झालेत, दोघं मिळून फिरतात आणि रबर त्यांना मागे ओढतं.

ते गेल्यावर मी दोन्ही टोकांवर खडूने खूण केली. डोक्याकडून फिरवलं. पलीकडचं टोकही तेवढंच फिरलं.

म्हणजे अखंड आहे. किंवा आत तुटलेला आहे आणि दोन तुकडे गंजाने चिकटलेत. तसंही असू शकतं. नळीलासुद्धा चिकटलेले असतील. असणारच.

१३ फेब्रुवारी

गाडीखाली आडवा होतो. हात मागे करून सतरा नंबरचा पाना चाचपला, तर तो थेट बोटांखाली आला. मी तो तिथे ठेवला नव्हता. पुन्हा हात मागे केला तर हातोडा. दादा असंच करायचा. मी मागायच्या आधी हत्यार हातात द्यायचा आणि वर म्हणायचा, तुझं डोकं माझ्या हातात आहे.

मी हललो नाही. छातीवर गाडी असल्यासारखा पडून राहिलो. मग वरून आवाज आला, टक्. सीटच्या खालून यावा तसा. थोडं थांबून पुन्हा टक्.

बाहेर आलो तेव्हा शेड रिकामी होती. सगळे पाने चटईवर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेले होते.

१४ फेब्रुवारी

मिस्त्रींना आवाजाचं विचारलं. म्हणाले, उन्हात तापलेला पत्रा सावलीत निवताना बोलतो. मी म्हटलं, गाडी दोन वर्षं सावलीतच आहे. त्यावर त्यांनी चष्मा पुसला.

१५ फेब्रुवारी

पाने आई लावते. आज मी वेळेआधी आलो तेव्हा ती शेडच्या उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर फडकं, एकेक पाना पुसून ठेवत होती. म्हणाली, तो असेच लावायचा, तू सगळं विखरून ठेवतोस. त्या दिवशी पण तूच होतीस का, हे मी विचारलं नाही. तीच असणार. तिचे पाय अनवाणी असतात, चाहूल लागत नाही.

आवाजाचं मात्र तिला काही माहीत नाही. तिला तो ऐकू येत नाही.

१८ फेब्रुवारी

गॅसने तापवायला गेलो. रबर पेटलं आणि काळा धूर थेट घरात. वहिनी धावत आली, हातात पाण्याची बादली. धूर बघून तिचा चेहरा असा झाला की मला त्या दिवशीचा दवाखाना आठवला. आग विझवून ती उभीच राहिली. मग विचारलं, निघाला का?

रोज विचारते. चहा आणते, आर्मकडे बघते आणि विचारते, निघाला का. बाकी काही नाही. तिलाही बघायचाय तो बोल्ट, दुसरं काय. दोन वर्षं ती माझ्या तोंडाकडे नीट बघत नाही. आरोप तोंडाने केला असता तर उत्तर तरी देता आलं असतं. गप्प माणसाला काय सांगणार?

म्हणालो, नाही निघाला. तिने सुस्कारा सोडला. वैतागली असेल.

२२ फेब्रुवारी

चार दिवस हातोडा. नट दोन आटे उलटा लावून त्याच्यावर मारायचं, म्हणजे बोल्टचे आटे फुटत नाहीत. हातोड्याचा प्रत्येक घाव कोपरात येतो. दुकानात आज काच धरताना बोटं थरथरत होती, मालकाने विचारलं, साखर तपासली का.

कापून टाक, असं आता आईही म्हणते. मी तिला सांगितलं की कापताना ठिणग्या उडतात, डिझेलची टाकी जवळ आहे. टाकी मागे आहे. तिला माहीत नाही.

२७ फेब्रुवारी

तुटला.

पान्याला चार फुटांचा पाइप लावला आणि त्याच्यावर लोंबकळलो. आधी कुरकुर, मग एकदम सगळं मऊ झालं आणि मी पाठीवर पडलो. डोक्याकडचा तुकडा पान्यात, बाकीचा नळीत.

म्हणजे मीच तोडला. जे बघायचं होतं ते मीच मोडून ठेवलं.

तुकडा खिशात घालून दुकानात गेलो आणि काचेवरचे ओरखडे बघायच्या भिंगाखाली ठेवला. तुटलेला भाग चांदीसारखा पांढरा, दाणेदार, ताजा. फक्त एका कडेला तपकिरी ठिपका आहे, मसुरीच्या डाळीएवढा. तो जुना असणार. ताज्या तुटलेल्या लोखंडाला एका दिवसात गंज चढत नाही.

मसुरीएवढा. मी त्याच्याकडे तासभर बघत होतो.

२८ फेब्रुवारी

मिस्त्रींकडे तुकडा घेऊन गेलो. ते अंगणात पेपर चाळत होते. आज मी त्यांना थेट विचारलं, हा बोल्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होतं?

म्हणाले, गाडी एका बाजूला ओढते. चाक वाकडं होतं.

"आणि स्टिअरिंग? हातातून फिरतं?"

"फिरत नाही. उलट ढिलं पडतं, लोण्यात सुरी फिरवल्यासारखं. तुझं काय झालं होतं?"

मी हात पुढे करून दाखवलं. असं धरलं होतं आणि असा हिसका बसला. अर्धा वळसा, डावीकडे, खालच्या बाजूला. माझी बोटं सुटली इतक्या जोराने.

त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा केलं. ते माझ्या हातांकडे बघत नव्हते, माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

"दादा जागा होता?"

मी म्हटलं, असणार. तो प्रवासात कधी झोपत नाही.

त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढून खिशात ठेवला.  मग हात पुढे केला आणि मी तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, फिरवला.

"हा आधीच तडकलेला होता. अर्ध्याहून जास्त. हा गंज बघ ना. हाच गेला असणार. तुझ्या हातात काही नव्हतं, बाळा. जा आता. डोक्यातून काढून टाक."

त्यांनी मला आजवर बाळा म्हटलं नव्हतं.

त्यांनी चष्मा न लावता कसं पाहिलं, हे घरी येताना माझ्या मनात आलं. पण चाळीस वर्षांचा हात आहे, नुसत्या बोटाने कळत असेल. मला भिंगातून मसुरीएवढं दिसलं, त्यांना अर्ध्याहून जास्त. त्यांचंच खरं असणार.

१ मार्च

घरात सांगितलं. जेवताना. मिस्त्री म्हणाले बोल्ट आधीच तडकलेला होता.

आईने घास खाली ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाली, मग लोखंडाचा दोष. दोनदा म्हणाली. नंतर तिने मला भात वाढला, मी नको म्हणत असताना.

वहिनी उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. अजून कुणाचं जेवण झालं नव्हतं.

तिचा विश्वास बसला नाही.

२ मार्च

आर्म काढून खाली घेतला. बोल्टचा उरलेला भाग करवतीच्या पात्याने कापला, आता जपायचं काय होतं? जुने बुश पाइपचे तुकडे लावून शिकंज्यात दाबून काढले. रबर खजुरासारखं मऊ झालेलं, हाताला काळं लागत होतं.

आता हलकं वाटायला हवं. मी सुटलो की. दुकानात दोघांशी हसून बोललो, मालकाला बरं वाटलं.

दुपारी शेडमध्ये उभा होतो. डावीकडचं चाक काढलेलं, आर्म बाहेर, गाडी लोखंडी घोडीवर टेकवलेली, अधांतरी. वाजायला तिथे काही शिल्लकच नाही. आणि तरी टक्. सीटच्या खालून. मी म्हटलं, दादा, बोल्ट होता रे. बोल्टच होता.

पुन्हा टक्.

६ मार्च

तीन दिवस कामाला हात लावला नाही. नवीन बुश टेबलावर पडून आहेत. आई म्हणते, उरलंच काय आता, लाव की. आईकडे बघवत नाही. ती पुन्हा गुणगुणायला लागली आहे, निवडताना, पुसताना. एका बोल्टवर तिचं घर पुन्हा उभं राहिलंय आणि तो बोल्ट मी पाइप लावून तोडलाय.

८ मार्च

सांगितलं.

आई देवळात गेली होती, वाटाणी शाळेत. वहिनी ओट्यापाशी एका किराणा दुकानाचा काटा उघडून बसली होती. समोर लहान वजनं मांडलेली. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

म्हटलं, वहिनी, बोल्टचं खरं नाही. म्हणजे मिस्त्री म्हणाले ते खरं असेल, पण मला ठाऊक नाही. मला मधला रस्ता आठवत नाही. माझा डोळा लागला होता. बहुतेक लागला होता. नाही, लागलाच होता.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ.

एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. हेही सांगितलं, जे या वहीतही लिहिलं नव्हतं. टपरीवरून निघाल्यावर दादा गात होता. त्याचं ते स्वतःचंच गाणं, वाटाणीसाठी जुळवलेलं, आमच्या गाडीला नाही घाई, चालते जशी म्हातारी बाई. सूर नाही, ताल नाही, मोठ्याने, डॅशबोर्डवर थापा मारत. मला जागं ठेवायला गातोय हे मला कळत होतं. आणि मी त्याला म्हणालो, गप बस ना जरा, डोकं उठलंय. तो गप्प झाला. माझं ऐकलं त्याने. त्यानंतर मला काही आठवत नाही.

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला घराबाहेर काढेल. ती बसून राहिली. काट्याचं एक पारडं हलत होतं, तिने बोटाने ते थांबवलं.

"त्यांचा फोन आला होता टपरीवरून," ती म्हणाली. "तुम्ही तोंड धुवायला गेला होतात."

मला हे माहीत नव्हतं.

ती सांगत गेली, खाली बघून. दादा म्हणाला होता, धाकट्याचे डोळे जड झालेत, गाडीतच तासभर पडू दे त्याला, मग निघतो. आणि ती म्हणाली होती, वाटाणीला ताप आहे, थांबू नका, या लवकर. ताप संध्याकाळपर्यंत उतरला. साधाच होता.

"तुम्हाला झोप येत होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, भावजी. तुम्ही म्हणालात काहीतरी तुटलं, तेव्हा मला बरं वाटलं. रोज वाटायचं, तो बोल्ट नीट निघू नये. नीट निघाला असता तर मग मीच."

 मी जमिनीवर बसलो. तो सुस्कारा वैतागाचा नव्हता, हे मला आत्ता कळलं. दोन वर्षं एका स्वयंपाकघरात आम्ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून वावरलो आणि दोघांनाही वाटत होतं, समोरच्याला कळलंय.

मग तिने विचारलं, गाण्याचं दुसरं कडवं म्हणाला का? मी म्हटलं, नाही, त्याआधीच मी गप केलं. ती म्हणाली, दुसरं कडवं नव्हतंच. पहिलंच परत परत म्हणायचे.

आईला आम्ही काही सांगायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही.

१२ मार्च

नवीन बुश बसवले, साबणाचं पाणी लावून. नव्या बोल्टला ग्रीस भरपूर, म्हणजे पुढच्या माणसाला छळ नको. मिस्त्री स्टुलावर बसून देखरेख करत होते. म्हणाले, शेवटचं आवळायचं ते गाडी चाकांवर उभी करून. अधांतरी आवळलंस तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, उभ्याने कधीच सुखी होत नाही.

जॅक खाली घेतला. गाडी बसली, थोडी हलली. मग खाली शिरून आवळलं.

त्यांना मी डोळा लागल्याचं सांगितलं. ते म्हणाले, माहीत आहे. मग म्हणाले, पण तेवढंच झालं नव्हतं. मी विचारलं, म्हणजे? त्यांनी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, स्प्रिंगपण बदलून घे.

१५ मार्च

स्प्रिंग बदलली. गाडी सरळ उभी आहे. इंजिन तिसऱ्या झटक्यात चालू झालं, शेडभर धूर. आईने गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि थरथर जाणवून लगेच काढला.

मी शेडमधून अंगणापर्यंत काढली. तेवढीच.  दादाच्या सीटकडे बघितलं नाही.

२१ मार्च

रविवार. शेजारी बंद पडलेल्या कारखान्याचं मोकळं आवार आहे, तिथे वहिनीला शिकवायला नेलं. ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. म्हणजे डावीकडे, त्याच्या जागी. दुसरीकडे बसता येत नाही, शिकवणाऱ्याची जागाच ती आहे. बसताना दाराची मूठ दोनदा धरली आणि सोडली.

तिला पटापट येतं. काट्यांनी हात हलका झालाय. क्लच सोडताना श्वास धरून ठेवते, तेवढंच. चार फेऱ्या नीट मारल्या. मी म्हटलं, वहिनी, महिनाभरात तुम्ही गावं फिराल. ती हसली. त्या सीटवरून चालवणाऱ्याचा चेहरा किती स्वच्छ दिसतो. डोळे, पापण्या, सगळं. मला हे माहीतच नव्हतं, मी कधी तिथे बसलोच नव्हतो. कायम मीच चालवायचो किंवा मागे काट्यांच्या पेट्यांजवळ बसायचो.

पाचव्या फेरीला फाटकाजवळ वळताना तिने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. समोर उजवीकडे फाटकाचा दगडी खांब. थेट तिच्या बाजूला. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही आणि हात तसेच ताठ राहिले.

मीही ओरडलो नाही. काही ठरवलंही नाही. वेळच नव्हता.

गाडी डावीकडे वळली आणि कडेच्या मातीच्या ढिगात घुसून बंद पडली. माझ्या बाजूचा दरवाजा मातीत, काचेवर मातीची ढेकळं. कुणाला काही लागलं नाही. खांब तिच्या आरशापासून हातभर लांब राहिला.

आणि स्टिअरिंगवर माझा उजवा हात होता. सगळ्यात वर, मुठीत घट्ट. मी चाक माझ्याकडे ओढलं होतं. अर्धा वळसा, डावीकडे, खालच्या बाजूला.

वहिनीची बोटं चाकावरून सुटली होती. ती खांबाकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. कितीतरी वेळ आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत होतो, जसा तो माझा नाहीच.

मग ती अगदी हळू म्हणाली, "सोडा आता. गाडी थांबली आहे."

मला बोटं उघडता येईनात. तिने एकेक करून उघडली.